गाडीच्या टपावर सोलर पॅनल कुठे बसवायचे? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅव्हलर, विंगर किंवा साधी ईको घेऊन तिच्यात झोपायची, स्वयंपाकाची सोय करून घेणारी मंडळी आता फोंडा-म्हापशाकडेही दिसू लागली आहेत. त्यांचे बहुतेक प्रश्न पॅनल घरी येऊन पडल्यावर सुरू होतात, आणि तोवर निम्म्या प्रश्नांची उत्तरे महाग झालेली असतात. म्हणून खाली आधी टप, मग सावली आणि त्यानंतर पॅनल असा क्रम ठेवला आहे.

आधी पॅनल घ्यायचे की आधी जागा ठरवायची?

जागा. "दुकानात ३३५ वॅटचा स्वस्तात मिळाला, आता बसवून द्या" असे म्हणत येणाऱ्यांच्या टपावर तो पॅनल बहुधा व्हेंट फॅनच्या, म्हणजे छतात बसवलेल्या हवा खेचणाऱ्या पंख्याच्या, झाकणावर आडवा येतो.

शिडी लावून वर चढा आणि टेप घेऊन टप मोजा. गाडीच्या माहितीपत्रकातली लांबी-रुंदी इथे कामाची नाही, कारण पुढचा उतार, कडेची गोलाई आणि पत्र्यातल्या लांबट पन्हळी वजा केल्यावर उरते तीच सपाट जागा. ती आलेख कागदावर १० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर या मापाने काढा. एसी, फॅन, अँटेना, कॅरिअरचे पाय, छताची खिडकी हे सगळे त्यात हवे, आणि खिडकी उघडल्यावर तिचे झाकण कुठवर जाते तेही. मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन पॅनलच्या खऱ्या मापाचे तुकडे कापा, टपावर मांडा आणि गाडी दिवसभर उन्हात उभी करा. सकाळी नऊपासून चारपर्यंत दर तासाला वरून एक फोटो घ्या. या फोटोंतून जे कळते ते कुठल्याही ॲपवर कळणार नाही.

पॅनलचे तोंड दक्षिणेकडे हवे ना?

घराच्या छपरावर, हो. गाडीला दक्षिण नसते. आज तुम्ही हरमलला समुद्राकडे नाक करून उभे आहात, उद्या वाळपईला कुणाच्या अंगणात आडवे.

शिवाय गोवा १५ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. मेच्या सुरुवातीला सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, नंतर उत्तरेला सरकतो आणि ऑगस्टच्या १० तारखेच्या आसपास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे मधले तीन महिने दक्षिणेकडे कललेला पॅनल उलट तोट्यात असतो. डिसेंबरात सूर्य सर्वांत खाली असतो तेव्हाही दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो. त्या वेळी आडव्या पॅनलला थेट उन्हाचा ७८ टक्के भाग मिळतो; १५ अंश दक्षिणेला कलवला तर ९१ टक्के. हा फरक ऐन माध्यान्हीचा.

आगोंद-पाळोळेला डिसेंबर ते फेब्रुवारी एकाच जागी मुक्काम करणार असाल तर उचलता येणारे पाय लावण्यात अर्थ आहे. बाकीच्यांनी पॅनल सपाट बसवावा आणि दिशेचा विचार सोडून द्यावा.

एक तपशील मात्र लक्षात ठेवा: आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते आणि पणजी ७३.८ वर आहे. इथला खरा माध्यान्ह साडेबाराच्या आसपास येतो. फेब्रुवारीत तर पाऊण वाजून जातो. गाडी कुठे उभी करायची हे ठरवताना बारा ते दोन या वेळेतले ऊन पाहा, अकराचे नाही.

थोडीशी सावली पडली तर एवढे काय बिघडते?

पॅनलमधल्या पेशी एकामागून एक जोडलेल्या असतात. १०० वॅटच्या साध्या १२ व्होल्टच्या पॅनलमध्ये ३६ असतात. एका पेशीवर सावली आली की तिच्यातून जाणारा प्रवाह घटतो आणि तिच्या रांगेतल्या सगळ्यांना तेवढ्यावरच समाधान मानावे लागते, अरुंद पुलावर एक बैलगाडी अडली की मागची अख्खी वरात थांबते तसे. त्यातून सुटका म्हणून पॅनलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात, छोट्या पॅनलमध्ये बहुधा दोन, घरावरच्या मोठ्यात तीन. डायोड सुरू झाला की सावलीतला तुकडा बाजूला पडतो आणि उरलेला पॅनल चालतो. म्हणजे हातभर सावलीने अर्धा किंवा तिसरा हिस्सा पॅनल गेला.

ही सावली कुठल्या कडेला पडते यालाही महत्त्व आहे. नेहमीच्या पूर्ण पेशींच्या पॅनलमध्ये रांगा लांबीच्या दिशेने जातात. लांब कडेवर सावलीची पट्टी पडली तर एकच गट बाद होतो, पण आखूड कडेवर तेवढीच पट्टी पडली तर सगळ्या रांगांतली एकेक पेशी झाकली जाऊन पॅनल जवळजवळ बंद पडतो. त्यामुळे एसीच्या शेजारी पॅनल बसवणे भाग असेल तर त्याची लांब कड एसीकडे करा. अर्ध्या कापलेल्या पेशींच्या नव्या पॅनलमध्ये वरचा आणि खालचा भाग वेगळा चालतो, म्हणून तिथे आखूड कडेची सावली निम्म्यावर निभावते.

एसी किंवा फॅनपासून किती अंतर ठेवायचे?

वस्तूच्या उंचीच्या दुप्पट. डिसेंबरात पणजीत सकाळी नऊला सूर्य साधारण २५ अंशांवर असतो आणि सावली उंचीच्या दुपटीहून थोडी जास्त पडते. २५ सेंटिमीटर उंच एसीची सावली अर्ध्या मीटरपर्यंत पोहोचते. दुपारी तीच २० सेंटिमीटरवर येते.

गाडी कुठल्याही दिशेला उभी राहणार असल्याने हे अंतर एसीच्या चारही बाजूंना धरावे लागते. एवढी जागा नसेल तर दुपारच्या सावलीइतके अंतर तरी सोडा आणि सकाळ-संध्याकाळचे नुकसान मान्य करा; दिवसाची बहुतेक वीज दहा ते तीन या वेळेतच येते. दुसरा उपाय म्हणजे पॅनल कॅरिअरवर चढवून फॅनच्या झाकणाच्या पातळीला आणणे. पण उंची वाढते, वारा जास्त धरतो, आणि वाड्यांतून खाली लोंबणाऱ्या वायरी व फणसाच्या फांद्या आहेतच. काम झाल्यावर गाडीची नवी उंची मोजून ती डॅशबोर्डवर चिकटवा.

मला किती वॅट लागतील?

टपावर मावतील तेवढे, हे दुकानदाराचे उत्तर. तुमचे उत्तर तुमच्या खर्चातून यायला हवे. गोव्याच्या उकाड्यात ५० लिटरचा १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॅट-तास खातो. १५ वॅटचे दोन पंखे दहा तास चालले की ३००. लॅपटॉप तीन तास म्हणजे १८०. दिवे, मोबाईल, पाण्याचा पंप मिळून शंभरेक. बेरीज झाली ११०० च्या आसपास.

सपाट बसवलेला, धूळ-उष्णता सोसणारा १०० वॅटचा पॅनल इथे कोरड्या महिन्यांत दिवसाला ३५० ते ४०० वॅट-तास देतो. म्हणजे ३०० वॅट पुरतात, तेही उन्हात उभे राहिलात तर. बॅटरी त्याच हिशेबाने: १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-तास साठवते. लेड-ॲसिडची अर्धीच वापरावी, त्यामुळे तेवढ्यासाठी जवळजवळ दुप्पट क्षमता लागते, आणि वजनही खूप वाढते.

रूफ एसी सोलरवर चालेल?

रात्रभर? नाही. तासाला एक युनिट ओढणाऱ्या यंत्राला टपावरचा पॅनल पुरा पडत नाही. इंडक्शनवर चहा होतो, बॅटरी आणि इन्व्हर्टर तेवढे दणकट असतील तर.

घरावरचा ५४० वॅटचा एकच मोठा पॅनल का लावू नये? वॅटमागे स्वस्त पडतो.

स्वस्त पडतो हे खरे. त्याचे माप साधारण २.२८ बाय १.१३ मीटर, वजन २७-२८ किलो. लांब ट्रॅव्हलरवर छताची खिडकी नसेल आणि एसी अगदी मागे असेल तर तो छान बसतो. ईकोवर तो विसराच.

माझा कल लहान पॅनलांकडे आहे. मधल्या मोकळ्या जागा भरता येतात, एखादा फुटला तर एकच बदलावा लागतो आणि शंभर वॅटचा आठेक किलोचा तुकडा दोघे सहज वर चढवतात. मोठा घ्यायचाच असेल तर चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारी डबी, आधी बघा. या पॅनलचा उघडा (काहीही न जोडता मोजलेला) व्होल्टेज ५० च्या जवळ असतो, त्यामुळे १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी जादा व्होल्टही कामी आणणारा एमपीपीटी कंट्रोलरच हवा. साधा पीडब्ल्यूएम लावलात तर निम्म्याहून जास्त वीज वाया जाईल.

वाकणारे, चिकटवायचे पॅनल कसे?

हलके असतात, गोल टपावर बसतात, बाहेरून दिसतही नाहीत. पण पत्र्याला चिकटल्याने त्यांना खालून वारा मिळत नाही, आणि गोव्याच्या मे महिन्यात पत्रा किती तापतो ते हात लावून बघा. प्लॅस्टिकचा वरचा थर काही वर्षांत पिवळा पडतो, फोड येतात. काढायला गेलात तर टपाचा रंगही सोबत येतो. वजनाची खरोखरच अडचण असेल तरच घ्या.

काचेच्या पॅनलखाली किती फट हवी?

निदान तीन-चार सेंटिमीटर, पाच असेल तर उत्तम. पॅनलवर लिहिलेले वॅट पेशी २५ अंश तापमानाला असताना मोजलेले असतात. टपावर त्या सहज ६५ ला पोहोचतात. दर अंशामागे ०.३५ टक्के घट धरली तर १४ टक्के वीज तिथेच गेली. फटीतून वारा फिरला की हे नुकसान कमी होते, आणि खालचा पत्रा पॅनलच्या सावलीत राहिल्याने गाडीही आतून थोडी थंड राहते.

सिरीज की पॅरलल?

सिरीज म्हणजे पॅनल एकामागून एक जोडणे, पॅरलल म्हणजे शेजारी-शेजारी समांतर. गाडी जास्त करून झाडापेडांत उभी राहणार असेल तर पॅरलल. एका पॅनलवर सावली आली तरी दुसरा आपले काम करत राहतो. किनाऱ्यालगत उघड्यावर उभे राहणार असाल आणि वायर लांब असेल तर सिरीज.

वायरीचा हिशेब असा. १०० वॅटचे दोन पॅनल पॅरलल जोडले की सुमारे ११ अँपिअर वाहतात. ४ चौरस मिलिमीटरची, जाऊन-येऊन १२ मीटर वायर असेल तर तिच्यात साधारण ७ वॅट जळतात. सिरीजमध्ये प्रवाह निम्मा होतो आणि नुकसान चौथ्या हिश्श्यावर, पावणेदोन वॅटवर येते. २०० वॅटमध्ये पाच वॅटचा फरक फार नाही. फणसाच्या सावलीने याच्या कितीतरी पट जाते. म्हणून वायर जाड घ्यावी आणि जोडणी सावली बघून ठरवावी.

सिरीज करताना कंट्रोलरवर लिहिलेली व्होल्टची मर्यादा ओलांडू नका. ७५/१५ असे लिहिले असेल तर पहिला आकडा पॅनलकडून येणाऱ्या कमाल व्होल्टचा आणि दुसरा बॅटरीकडे जाणाऱ्या अँपिअरचा. ३६ पेशींचे तीन पॅनल सिरीजमध्ये ६६ व्होल्टपर्यंत जातात, तिथे थांबा. वेगवेगळ्या वॅटचे पॅनल सिरीजमध्ये घालू नका, सगळ्यांत अशक्त पॅनलचा प्रवाह सगळ्यांवर लादला जातो. टपाच्या दोन उतारांवर दोन पॅनल असतील तर त्यांनाही पॅरललच ठेवा, कारण सकाळी एकाला ऊन जास्त आणि संध्याकाळी दुसऱ्याला. तीन किंवा जास्त पॅनल पॅरलल असतील तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज.

टपाला भोके पाडायची की नाही?

आधी बघा गाडीला कॅरिअरसाठी गटार-पट्टी किंवा कारखान्यातून आलेल्या जागा आहेत का. असतील तर दोन-तीन आडवे बार टाकून त्यांवर पॅनल बसवा, टपाला हात लावायची गरज नाही. एखादा चांगला फॅब्रिकेटर हे एका दिवसात करून देतो.

भोके पाडावी लागलीच तर पत्र्याच्या मधोमध नको, खालच्या आडव्या पट्टीवर पाडा. कापलेल्या कडेला लगेच गंजरोधक प्रायमर लावा, तो वाळू द्या आणि मगच पॉलियुरेथेन सीलंट भरून बोल्ट आवळा. सिलिकॉन वापरू नका; पुढे त्यावर दुसरे काही चिकटत नाही. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जूनच्या पहिल्या आठवड्यात गळणारा टप पाहायचा नसेल तर हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरका आणि पाइपने पाणी मारून तपासा. वायर आत नेण्यासाठी बंद झाकणाची केबल ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारे पाणबंद बूच) लावा, तिचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

चोर्ला किंवा अनमोड घाटात पॅनल उडणार नाही ना?

नीट बसवला तर नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण ३० किलो वजनाइतका असतो, १०० ला ४८. वेग सव्वापट झाला तर दाब दीडपटीहून जास्त होतो. समोरून ट्रक गेला की त्यात झटका वाढतो. पॅनलची पुढची कड उघडी ठेवू नका. ॲल्युमिनियमची तिरपी पट्टी लावून वारा वरून जाऊ द्या. टपाच्या पुढच्या काठापासूनही थोडे मागे सरका.

घाटात वाऱ्यापेक्षा हादरे जास्त त्रास देतात. नायलॉनचे कडे असलेले नट वापरा आणि पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळा.

समुद्राच्या खाऱ्या हवेचे काय?

गोव्यात टपावरच्या कामाला सगळ्यांत लवकर खाते ती ही हवा. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट किनारी गावात एक-दोन पावसाळ्यांत लाल होतात. बोल्ट ३१६ दर्जाचे स्टेनलेस घ्या. पण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले आणि खारे पाणी मध्ये आले की ॲल्युमिनियम कुजते, म्हणून मध्ये नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर हवाच. पॅनल घेताना आयईसी ६१७०१ ही खाऱ्या धुक्याची चाचणी झाली आहे का ते माहितीपत्रकात पाहा. पॅनलच्या वायरी जोडणारे एमसी४ जोड एकाच कंपनीचे घ्या आणि ते टपावर पाण्यात पडून राहणार नाहीत असे बांधा.

पॅनल गोड्या पाण्याने धुवावा, तोही सकाळी, काच थंड असताना. किनाऱ्यावर राहत असाल तर आठवड्याला एकदा. खाणपट्ट्यात, डिचोली-सांग्याकडे, तांबडी धूळ बसते तिथेही तेच. साबण, घासणी नको.

गाडी माडाखाली लावली तर?

पॅनलची गारांची चाचणी होते त्यात २५ मिलिमीटरचा, साडेसात ग्रॅमचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारतात. त्याची ऊर्जा सुमारे २ जूल. दीड किलोचा नारळ १५ मीटरवरून पडला तर सुमारे २२० जूल. यावर आणखी काही सांगायला नको. पाडेली (नारळ पाडणारा) येऊन गेला असेल तरी सुकलेल्या झावळ्या पडतातच.

पण उन्हात उभी केली की आत भाजून निघतो. सावलीत ठेवून वीज कशी मिळवायची?

हा खरा गोव्याचा प्रश्न. उत्तर असे की सगळी वीज टपावरून मागू नका. टपावर २०० वॅट पक्के बसवा आणि सोबत १००-१२० वॅटचा घडीचा पॅनल दहा मीटर वायरीसह ठेवा. गाडी आंब्याखाली, पॅनल पलीकडे उन्हात. त्याला हवे तर दक्षिणेकडे कलवता येते, दुपारी फिरवता येते. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तेव्हा तो दगडाने दाबा, आणि फिरायला जाताना आत घ्या, नाहीतर परत येईपर्यंत राहील याची खात्री नाही. त्याला वेगळा छोटा कंट्रोलर दिलात तर टपावरच्या पॅनलशी जुळवाजुळव करावी लागत नाही.

गाडी पुळणीवर मात्र नेऊ नका. गोव्याच्या किनाऱ्यांवर वाहन घालायला बंदी आहे.

पावसाळ्यात काहीच मिळत नाही का?

मिळते, पण जुलैत उन्हाळ्याच्या निम्म्यावर येते आणि मुसळधार दिवशी पाव हिश्श्यावर. ढगाळ उजेड सगळीकडून येतो, त्यामुळे त्या दिवसांत सपाट पॅनलच बरा आणि सावलीचा फरकही कमी जाणवतो. चवथीला गावी जाऊन गाडीत राहायचा बेत असेल तर इंजिनच्या अल्टरनेटरवरून गाडीतल्या राहण्याच्या सोयीच्या बॅटरीला भरणारा डीसी-डीसी चार्जर लावून घ्या. पावसात आणखी वॅट वाढवण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. बॅटरी लिथियम असेल तर दोन बॅटऱ्या थेट जोडणारा साधा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) लावू नका, अल्टरनेटर तापतो.

जोडताना क्रम कुठला?

कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना उलट. पॅनल आणि कंट्रोलरमध्ये एक डीसी स्विच असावा, आणि बॅटरीजवळ फ्यूज. पॅनल उन्हात असतो तेव्हा तो चालूच असतो, म्हणून वर काम करताना त्यावर चादर टाका.

आरटीओ काय म्हणेल?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. कॅरिअरवर बोल्टने बसवलेला, काढता येणारा पॅनल आणि टप कापून केलेले काम या दोन गोष्टी वेगळ्या. आसने काढून बिछाने टाकत असाल तर प्रश्न पॅनलपुरता राहतच नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत आराखडा दाखवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

सूर्यघर योजनेचे अनुदान मिळते का?

नाही. २०२४ मध्ये सुरू झालेली ती योजना वीजजोडणी असलेल्या राहत्या घरांच्या छपरासाठी आहे.